सहीच्या आधी विचारलंत, फार बरं केलंत

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीची, माझा नवरा सांगलीचा. 14 वर्षं न्यू जर्सीत आहोत, दोघांचंही ग्रीन कार्ड आहे. गेल्या वर्षी त्याची नोकरी गेली, सात महिने माझ्या एकटीच्या पगारावर काढले. क्रेडिट कार्डांवर 38,000 डॉलर झालेत, शिवाय आयआरएसचे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचे, 6,400 द्यायचे आहेत. जुन्या ऑफिसातला एक मित्र त्याला हॉटेलात भरणाऱ्या शनिवारच्या वर्गाला घेऊन गेला. फी 1,500 डॉलर. तिथे सांगितलं की प्रत्येकाच्या जन्मदाखल्यावर सरकारी खजिन्यात गुप्त खातं उघडलेलं असतं, कॅपिटल अक्षरांतलं आपलं नाव म्हणजे वेगळीच 'कागदी व्यक्ती', आणि ठरावीक फॉर्म भरला की कर्जाएवढी रक्कम रिफंड म्हणून येते. मित्राला खरंच चेक आला, मी फोटो पाहिला. आमचा जॉइंट रिटर्न तयार आहे, माझी सही तेवढी राहिली आहे. एका कार्डाच्या बिलावर 'अ‍ॅक्सेप्टेड फॉर व्हॅल्यू' (म्हणजे बिल त्या गुप्त खात्यातून फिटलं, असं वर्गवाले म्हणतात) असा शिक्का मारून नवऱ्याने ते बँकेला पाठवूनही दिलं. मी सहीला नाही म्हटलं की घरात भांडण. काय करू?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : सही करू नका. घरात कितीही वाद झाला तरी करू नका. बाकीचं सगळं यानंतर.

तुमच्या पत्रातला मित्राचा चेक वाचून मला एक जोडपं आठवलं. मी एडिसनमध्ये बावीस वर्षं लोकांचे रिटर्न भरते. सात वर्षांपूर्वी ते दोघं माझ्याकडे आले, तेव्हा अशाच वर्गातून भरलेल्या रिटर्नचा रिफंड येऊन दीड वर्ष झालं होतं. कार्डं फेडली होती, उरलेल्या पैशांत आईवडिलांच्या नाशिकच्या घराचा वरचा मजला चढला होता. मग आयआरएसचं पत्र आलं : सगळी रक्कम परत करा, वर व्याज आणि दंड. बाई माझ्यासमोर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी फक्त सही केली होती हो." मला त्यांच्यासाठी फार काही करता आलं नाही, कारण जॉइंट रिटर्नवर सही केली की पूर्ण देण्याला नवराबायको दोघंही बांधलेले असतात, निम्म्या-निम्म्याला नाही. जोडीदाराने काय लिहिलं हे ठाऊकच नव्हतं, अशांसाठी सवलतीचा एक फॉर्म आहे, 8857. तो तुम्हाला मिळणं कठीण आहे. तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही मला लिहिलंत.

चेक आला म्हणजे मागणी मान्य झाली, असं नसतं. आयआरएस कितीतरी रिटर्नवर आधी पैसे सोडते आणि नंतर तपासते. फसवून मिळवलेला रिफंड परत मागायला सरकारला पाच वर्षं असतात, आणि रिटर्नच फसवा असेल तर कर आकारायला मुदतच नाही.

आता तुमच्या रिटर्नमध्ये काय केलं असेल ते सांगते. त्यात 1099-ओआयडी नावाचा फॉर्म जोडलेला असणार. हा फॉर्म खरा आहे. समजा, एखादा रोखा 900 डॉलरला विकला आणि मुदत संपल्यावर त्याचे 1,000 देणार असले, तर मधल्या 100 डॉलरच्या उत्पन्नाची नोंद त्यावर होते. त्याच्या चौथ्या चौकटीत आधीच कापलेला कर लिहितात. वर्गवाले तुमचं कार्डांचं कर्ज उत्पन्न म्हणून लिहितात आणि जवळजवळ तेवढीच रक्कम त्या चौथ्या चौकटीत भरतात, म्हणजे कुणीही न कापलेला कर तुम्ही परत मागता. तुमचा रिटर्न काढून ती चौकट बघा. तिथे 38,000 च्या आसपासचा आकडा असेल, तर तो कुणी कापला हे नवऱ्याला विचारा.

गुप्त खात्याची गोष्ट 1933 पासून ओढूनताणून आणलेली आहे. त्या वर्षी 5 जूनला अमेरिकी काँग्रेसने ठराव केला : करारात 'सोन्यातच फेड' असं कलम असलं तरी कर्ज साध्या डॉलरांत फेडता येईल. 1935 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला. बस, एवढंच. त्यावरून 'सरकारने नागरिक गहाण ठेवले, म्हणून सगळ्यांची कर्जं सरकारच्याच डोक्यावर' असा अर्थ काढला जातो. एकाही कोर्टाने तो मानलेला नाही. आणि तुमच्या नवऱ्याचा जन्मदाखला सांगलीचा आहे! त्यावर वॉशिंग्टनमध्ये कुणी कसलं खातं उघडलं असेल? हे त्याला रागाने नको, शांतपणे विचारा.

2017 मध्ये अशीच एक टूम निघाली होती. लोक वीजबिलं, कार्डांची बिलं भरताना फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, राउटिंग नंबर (बँक ओळखायचा क्रमांक) आणि खात्याच्या जागी आपला सोशल सिक्युरिटी नंबर टाकत होते. बिल दोन दिवस भरल्यासारखं दिसायचं, मग पैसे उलटायचे आणि वर लेट फी बसायची. व्यक्तींची आमच्याकडे खाती नसतात, असं फेडरल रिझर्व्ह बँकांना जाहीर करावं लागलं. ही विद्या वर्गांतून शिकवणारा ओरेगनचा विन्स्टन श्राउट त्याच वर्षी पोर्टलंडच्या कोर्टात दोषी ठरला. त्याने 100 ट्रिलियन डॉलरहून जास्त रकमेचे बनावट कागद काढले होते. वेस्ली स्नाइप्स तुम्हाला सिनेमांतून माहीत असेल. त्यानेही 1.4 कोटी डॉलरच्या बनावट हुंड्या खजिन्याला पाठवल्या होत्या. फसवणुकीच्या मोठ्या आरोपातून तो सुटला, पण रिटर्न न भरल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याकडे नामांकित वकील होते, तरीही.

पैशाचा हिशेब सांगते. असा रिटर्न 'फ्रिव्होलस', म्हणजे निराधार, ठरला की दंड 5,000 डॉलर, आणि जॉइंट असेल तर दोघांना वेगवेगळा. नसलेला रिफंड मागितल्याबद्दल त्या रकमेच्या 20 टक्के आणखी लागू शकतात, तुमच्या बाबतीत 7,600.

पण मला खरी धास्ती तुमच्या ग्रीन कार्डची वाटते. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने कावाशिमा नावाच्या जपानी जोडप्याचा खटला निकाली काढला. 1984 पासून ते इथे कायमचे रहिवासी होते, उपाहारगृहं चालवत होते. नवऱ्याने खोटा रिटर्न भरल्याचं कबूल केलं होतं, बायकोने तो तयार करायला मदत केल्याचं. सरकारचं नुकसान 10,000 डॉलरपेक्षा जास्त असेल तर असा गुन्हा देशाबाहेर काढण्याजोगा ठरतो, असा निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी लागला, आणि तो दोघांनाही लागू झाला. तुमच्या रिटर्नमधली मागणी 38,000 ची आहे. वर्गात हे कुणी सांगितलं होतं का?

म्हणून तुमचा रिटर्न वेगळा भरा, 'मॅरिड फायलिंग सेपरेटली'. कर थोडा जास्त बसेल, बसू द्या. तोवर नवऱ्यानेही त्याचा तो रिटर्न टपालात टाकू नये. बँकेला गेलेल्या शिक्क्याच्या बिलाबद्दल मात्र माझ्याकडे येऊ नका, टॅक्सच्या वकिलाकडे जा. फौजदारी प्रकरणात माझ्याशी झालेलं बोलणं गोपनीय राहत नाही, वकिलाशी झालेलं राहतं. त्याला विचारल्याशिवाय बँकेला नवं पत्रही पाठवू नका.

आयआरएसच्या 6,400 ची तुम्ही उगाच भीती घेतली आहे. देणं 10,000 च्या आत असेल, गेल्या पाच वर्षांचे रिटर्न आणि कर वेळेवर भरलेले असतील, त्या काळात असे हप्ते घेतलेले नसतील आणि तीन वर्षांत फेड होणार असेल, तर हप्ते बांधून देणं आयआरएसला भागच आहे. फॉर्म 9465. महिन्याला साधारण 180 डॉलर, वर व्याज.

कार्डांसाठी आधी कंपन्यांनाच फोन करा आणि नोकरी गेल्याचं स्पष्ट सांगा. बऱ्याच जणी व्याज कमी करून देतात. नाहीतर ना-नफा क्रेडिट समुपदेशन संस्थेकडे जा, तिथे सगळी कार्डं मिळून एकच हप्ता ठरतो. फोनवरून गाठणारी कर्जमुक्तीची कंपनी तोडगा काढण्याआधीच फी मागत असेल, तर 2010 पासून त्याला बंदी आहे. फोन ठेवून द्या. अगदीच जमेना तर दिवाळखोरीचा अर्ज. आपल्याकडे 'दिवाळं' म्हटलं की चारचौघांत मान खाली जाते, हे मलाही कळतं. पण प्रामाणिकपणे केलेल्या अर्जाने ग्रीन कार्ड जात नाही.

त्या मित्रालाही निरोप द्या. चेक वटवला असेल तर त्यातला डॉलरही खर्चू नये, रक्कम वेगळ्या खात्यात तशीच ठेवावी आणि आयआरएसचं पत्र यायची वाट न बघता याच आठवड्यात वकील गाठावा.