रोमची व्हिला बोर्गेझे बाग मूळ मालकाने लोकांना दान दिली, की सरकारने ती ताब्यात घेतली?

दोन्ही नाही. सरकारने ती रीतसर विकत घेतली, पण त्याच्या कितीतरी आधी लोकांचा तिथे फिरण्याचा हक्क कोर्टात सिद्ध झाला होता, आणि तोही वहिवाटीवर. मला या बागेच्या इतिहासातला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो.

१६०५ साली पाचवे पॉल पोप झाले आणि त्यांच्या भाच्याचं, कार्डिनल शिपिओने बोर्गेझेचं, नशीब फळफळलं. रोमच्या तटाबाहेर घराण्याचा द्राक्षमळा होता. आजूबाजूची जमीन घेत त्याने तिथे प्रचंड बाग केली आणि मूर्ती-चित्रं ठेवायला हवेली बांधली. बागेत एक लॅटिन शिलालेख होता. त्यात रखवालदार म्हणतो: तू कोणीही अस, इथे कायद्याच्या बेड्यांना भिऊ नकोस, वाटेल तिथे जा, हवं ते तोड, मनात येईल तेव्हा नीघ, हे सगळं मालकापेक्षा परक्यांसाठीच आहे. (शेवटी, मुद्दाम नासधूस केलीस तर गाठ माझ्याशी आहे, अशी तंबीही आहे!)

रोमकरांनी ते आमंत्रण मनावर घेतलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे फिरायला जात राहिले. आज दिसणारं तळं आणि त्यातलं एस्क्युलेपियस या वैद्यकाच्या देवाचं देऊळ मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीचं, मार्कान्तोनियो बोर्गेझेच्या काळातलं.

१८७० नंतर पोपच्या सत्तेखालचं रोम इटलीत आलं, राजधानी झालं आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. जवळच्याच व्हिला लुदोविसी या बागेचे तर प्लॉट पडले. अशात बोर्गेझेंनी बागेची फाटकं बंद केली. नगरपालिका कोर्टात गेली. तिची बाजू मांडायला मान्चिनींसारखे नामांकित कायदेपंडित होते. १८८७ मध्ये रोमच्या कॅसेशन कोर्टाने (अपिलाच्या शेवटच्या न्यायालयाने) निकाल दिला: मालकी घराण्याची, पण वापराचा हक्क जनतेचा. खुशाल या म्हणणारा तो दगड कोरून घेताना पुढे असं काही होईल, हे बोर्गेझेंच्या स्वप्नातही आलं नसेल.

पुढे बांधकामाच्या सट्ट्यात घराणं कर्जात बुडालं. १९०१ मध्ये सरकारने हवेली, कलासंग्रह आणि बाग विकत घेतली आणि १९०३ मध्ये बाग रोम पालिकेकडे सोपवली. खून झालेल्या इटलीच्या उम्बेर्तो राजाचं नाव तिला दिलं गेलं, पण ते लोकांच्या तोंडी काही रुळलं नाही. आजही सगळे व्हिला बोर्गेझेच म्हणतात.