गाय २१व्या दिवशी उलटते की ३३व्या? गर्भाशयातल्या जनुकांचं गणित

प्रश्न थोडक्यात असा: उदगीरजवळच्या गोठ्यात दोन संकरित होल्स्टीन गायी आहेत, दोन्ही तीन-तीनदा भरवल्या. पहिली दर वेळी २१व्या दिवशी उलटते (म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते), दुसरी या खेपेला ३३व्या दिवशी उलटली. ‘गर्भाशयातली जनुकं काम करत नाहीत’ असं कुणीतरी सांगितलंय, तर या गायी आणि त्यांच्या कालवडी विकून टाकाव्यात का?

एवढ्यावरून विकू नका. जनुक खराब असणं वेगळं आणि चांगलं जनुक वेळेवर चालू-बंद न होणं वेगळं. उलटणाऱ्या गायींत बहुतेकदा दुसरा प्रकार असतो. त्याचं कारण चारा, ऊन, पू किंवा भरवण्याची वेळ यांत सापडतं, वंशात क्वचितच.

माजाचा दिवस शून्य धरा. बीज फलित होतं ते गर्भनलिकेत, आणि भ्रूण गर्भाशयात उतरतो चौथ्या-पाचव्या दिवशी. तोवर तो आईनं अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीवर जगतो. त्याची स्वतःची जनुकं जोमानं सुरू होतात ८ ते १६ पेशींच्या टप्प्यावर. उन्हाचा तडाखा या पहिल्या तीन दिवसांतच सगळ्यात जास्त बाधतो. सातव्या दिवसाचा भ्रूण त्या मानानं चिवट असतो.

आता गर्भाशयाचं अस्तर. बीज सुटल्यावर बीजांडावर तयार होणारा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं संप्रेरक) सोडतो. सुरुवातीला अस्तराच्या पेशींत या संप्रेरकाचे रिसेप्टर (संप्रेरकाचा संदेश पकडणारी प्रथिनं) भरपूर असतात आणि ते ऑक्सिटोसिनच्या (पान्हा सोडवणाऱ्या संप्रेरकाच्या) रिसेप्टरचं जनुक दाबून ठेवतात. पण प्रोजेस्टेरॉनचा मारा सतत चालू राहिला की साधारण तेराव्या दिवसापर्यंत अस्तराच्या वरच्या थरातून त्याचेच रिसेप्टर नाहीसे होतात. गंमत अशी की या एका घटनेनं दोन दारं उघडतात. एकीकडे भ्रूणाला पोसणारा स्राव बनवणारी जनुकं जोर धरतात. दुसरीकडे ऑक्सिटोसिनच्या रिसेप्टरवरचा दाब उठतो, म्हणजे अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन हे रसायन सुटून पीतपिंड विरघळण्याची आणि गाय पुन्हा माजावर येण्याची तयारी होते. तेराव्या दिवसापर्यंत गाय गाभण आहे की रिकामी, हे अस्तराच्या जनुकांवरून जवळपास ओळखू येत नाही.

निकाल लागतो १५ ते १७ या दिवसांत. एव्हाना भ्रूण गोळा राहिलेला नसतो, दोऱ्यासारखा कित्येक सेंटिमीटर लांब झालेला असतो आणि इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडत असतो. हा इंटरफेरॉन आहे हे १९८७ मध्ये मेंढीवरच्या कामातून कळलं. तो ऑक्सिटोसिनच्या रिसेप्टरचं जनुक पुन्हा दाबतो, म्हणून प्रोस्टाग्लँडिनचे झटके बसत नाहीत आणि पीतपिंड वाचतो. त्याच वेळी अस्तरात आयएसजी-१५, एमएक्स-१ अशी एरवी विषाणू आल्यावर जागी होणारी जनुकं पेटतात. भ्रूण अस्तराला चिकटायला लागतो तो त्यानंतर, १९-२०व्या दिवसापासून. (माणसात ‘गर्भ आहे’ हा निरोप एचसीजी हे संप्रेरक देतं. म्हणून मेडिकलमधली गर्भतपासणीची पट्टी गायीच्या लघवीत बुडवून काही कळणार नाही. हा प्रयोग लोक करतात.)

म्हणजे भ्रूण लहान राहिला की निरोप क्षीण. आणि भ्रूण लहान का राहतो, तर पाचव्या-सहाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन पुरेसं चढलेलं नसतं. जास्त दुधाच्या गायीत यकृत ते भराभर निकामी करतं, म्हणून हा त्रास देवणी किंवा लाल कंधारी या देशी गायींपेक्षा संकरित गायीत जास्त.

तुमच्या पहिल्या गायीत एक तर बीज फळलंच नाही किंवा भ्रूण सोळाव्या दिवसाच्या आत गेला. आधी सोपी कारणं तपासा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सोट (माजाच्या वेळी येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ हवा. त्यात पांढरे कण किंवा पुवाची तार दिसली तर त्या माजाला भरवू नका, डॉक्टरांकडून उपचार करून पुढचा माज धरा. सुजलेलं अस्तर नको त्या वेळी प्रोस्टाग्लँडिन सोडतं. युरिया प्रक्रियेचा चारा आणि वर सोयाबीन पेंड असं दोन्ही देत असाल तर दुधातला युरिया नायट्रोजन तपासून घ्या. तो १०० मिलीला १९-२० मिलिग्रॅमच्या वर गेला तर गर्भाशयातला सामू बिघडतो. एप्रिल-मेमध्ये भरवल्यापासून तीन दिवस तरी सावली, अंगावर पाणी आणि पंखा. नुसतं पाणी मारून बंद शेडमध्ये बांधलं तर उकाडा वाढतोच.

एवढं करूनही उलटली तर पाचव्या दिवशी जीएनआरएच (बीज सुटायला लावणारं संप्रेरक) किंवा १५०० युनिट एचसीजी देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. त्यानं जादा पीतपिंड तयार होऊन प्रोजेस्टेरॉन वाढतं; गाभण राहण्यात फरक मात्र प्रत्येक कळपात दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच प्रोजेस्टेरॉन टोचण्याचा सल्ला मात्र ऐकू नका; त्यानं स्वतःचा पीतपिंडच अल्पायुषी होऊ शकतो. पान्हा सुटायला रोज ऑक्सिटोसिन टोचत असाल तर तेही बंद करा. माजानंतरच्या पहिल्या आठवड्यात ते रोज दिलं तर चक्र आखूड होतं, हे १९५९ पासून माहीत आहे.

दुसऱ्या गायीचं प्रकरण निराळं. ३३ दिवस म्हणजे बहुधा निरोप पोचला होता, पीतपिंड वाचला होता, आणि भ्रूण गेला तो नंतर. मधला माज नजरेतून सुटला असता तर ती ४२च्या आसपास दिसली असती. गावच्या वळूकडून भरवली असेल तर कॅम्पिलोबॅक्टर आणि ट्रायकोमोनास या वळूकडून पसरणाऱ्या जंतूंची तपासणी आधी करा. पुढच्या खेपेला २८-३० दिवसांनी सोनोग्राफी करून घ्या. आणि त्यानंतर माजासारखं काही दिसलं तरी तपासल्याशिवाय पुन्हा भरवू नका, प्रोस्टाग्लँडिनही टोचू नका: काही गाभण गायीही माज दाखवतात, आणि रेतनाची नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत गेली की चांगला टिकलेला गर्भ आपल्याच हातानं जातो.