युद्धपटातले सैनिक बघून त्या देशाची माणसं कशी असतात ते खरंच कळतं का?

थोडंफार कळतं, पण माणसं खरी कशी होती यापेक्षा सिनेमावाल्याला ती कशी दिसली तेच जास्त कळतं. माझ्या डोक्यात कायम येतो तो डेव्हिड लीनचा १९५७ चा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय', दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या ताब्यातले ब्रिटिश कैदी थायलंड-बर्मा रेल्वेचा पूल बांधतात ती गोष्ट.

सुरुवातीला कैदी छावणीत येतात ते शीळ वाजवत, कदम मिळवून. त्यांचे पाय दिसतात तर बूट फाटलेत, तळ लोंबतायत, तरी ताल चुकत नाही. ब्रिटिश शिस्त म्हणजे काय ते एक शब्द न बोलता कळतं. पुढे अधिकाऱ्यांना अंगमेहनत लावायची नाही या युद्धकैद्यांबद्दलच्या जिनिव्हा कराराच्या नियमापायी कैद्यांचा प्रमुख कर्नल निकोल्सन भर उन्हात पत्र्याच्या खुराड्यात पडून राहतो पण हटत नाही, आणि तोच माणूस नंतर शत्रूला इतका झकास पूल बांधून देतो की शेवटी नदीचं पाणी उतरून तो पूल उडवायला लावलेल्या सुरुंगाची वायर उघडी पडते तेव्हा हाच छावणीचा जपानी प्रमुख साइतो याला सोबत घेऊन ती शोधत जातो. ज्या हट्टामुळे आपण त्याला मानतो त्याच हट्टाने घात होतो, हे मला फार खरं वाटतं. अमेरिकन शिअर्स जीव वाचवायला बघणारा, जपानी साइतो पूल वेळेत नाही झाला तर स्वतःला संपवणारा, हे दोघं जरा साच्यातलेच आहेत, पण निकोल्सनपुढे माघार घेतल्यावर साइतो एकटा रडतो ना, तिथे तो साचा मोडतो.

आणि हा 'ब्रिटिश स्वभाव' मुळात एका फ्रेंच लेखकाच्या, पिएर बूलच्या कादंबरीतला! प्रत्यक्षात त्या पुलावरच्या कैद्यांचे प्रमुख असलेले खरे कर्नल फिलिप टूसी आपली माणसं जगवायला झटत होते आणि जमेल तिथे कामात खोट ठेवत होते, त्यामुळे परत आलेल्या बऱ्याच कैद्यांना निकोल्सन अजिबात पटला नाही.

मला मात्र याहून जास्त लागतं ते दुसरंच. त्या ४१५ किलोमीटरच्या रेल्वेवर १२ हजारांवर कैदी मेले, पण मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले आपले तमिळ लोक, बर्मी, जावाचे मजूर असे कितीतरी पट जास्त मेले, आणि सिनेमात ते जवळजवळ नाहीतच. कैद्यांची ती शीळ जगभर लोकांना पाठ झाली, ते मजूर कामावर जाताना काय गुणगुणायचे ते मला कुठल्याच सिनेमात ऐकायला मिळालेलं नाही.