ताटात शोधू नकोस, मांडीवर बघ

पत्र:
मावशी, माझी मुलगी सहा आठवड्यांची आहे. संध्याकाळी सात वाजले की रडायला लागते ती साडेदहापर्यंत. पाय पोटाशी घेते, तोंड लालबुंद होतं, मध्येच वारा सरतो आणि परत सुरू. फक्त अंगावरचं पिते. प्यायला घेतलं की सुरुवातीला ठसका लागतो, टकटक आवाज येतो. दोन्ही बाजूंना घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं पाजते. शी हिरवट, फेसाळ होते. वजन जन्माला 3.1 किलो होतं, परवा लशीच्या वेळी 4.3 भरलं. सासूबाई म्हणतात माझ्या खाण्याने तिला वात होतो, म्हणून तूरडाळ, कोबी, फ्लॉवर, वाटाणा, ताक सगळं बंद. तीन आठवडे मुगाचं वरण आणि दुधी खातेय, तरी रडणं तेवढंच. आई म्हणते गुटी दे, नवऱ्याने थेंब आणलेत, शेजारच्या काकू म्हणतात पावडर सुरू कर. काल बाथरूममध्ये नळ सोडून रडले. माझं दूध तिला बाधतंय का?
– एक आई, कर्वेनगर

उत्तर:
अगं, आधी आमटीला तूरडाळ शिजायला टाक. बाकीचं मग बोलू.

दूध बाधत नाहीये. 42 दिवसांत 1200 ग्रॅम वाढलेल्या मुलीच्या आईने हा प्रश्न विचारावा, यात तुझा दोष नाही, तुझ्याभोवती बोलणाऱ्यांचा आहे. कोबी-वाटाण्यातलं जे आपल्याला पचत नाही ते मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वारा धरतो. तो तुझ्या पोटात. दूध बनतं रक्तातून, आणि आतड्यातला वारा काही त्यात उतरत नाही. लसणीचा वास उतरतो, चहा-कॉफीतलं कॅफीन थोडं उतरतं. तेव्हा जागरणामुळे चहाचे पाच-सहा कप होत असतील तर दोनावर आण. गाईम्हशीच्या दुधातली प्रथिनं मात्र उतरतात आणि थोड्या बाळांना ती खरंच सोसत नाहीत. त्यांच्या शीमध्ये रक्त किंवा शेंबडासारखा चिकटा दिसतो, अंगावर पुरळ उठतं, वजन अडतं. तुझ्या पत्रात यातलं काही नाही. असतं तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे दूधदुभतं सोडून बघायचं असतं, भाज्या नव्हे.

तू सहज लिहून गेलेल्या तीन ओळी मला जास्त महत्त्वाच्या वाटल्या. ठसका लागतो. टकटक आवाज येतो. दहा-दहा मिनिटं घड्याळ लावून पाजते. अख्खं घर तुझ्या ताटात कारण शोधतंय, मला वाटतं ते मांडीवर आहे.

टकटक आवाज म्हणजे तिची पकड मध्येच सुटतेय आणि दुधाबरोबर हवा आत जातेय. आज घेशील तेव्हा घाई करू नकोस. बोंड तिच्या नाकाशी ने, वरच्या ओठाला लागू दे आणि थांब. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की तिलाच छातीकडे आण. तू वाकून तिच्याकडे जाऊ नकोस, पाठ धरते आणि पकडही बिघडते. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, नाक मोकळं, काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसतोय, असं असलं की बरोबर. नुसतं बोंड तोंडात असेल तर ओढून काढू नकोस, ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी सारून सोडव आणि पुन्हा लाव. पहिल्या दिवशी चारदा सोडवावं लागेल. लागू दे.

ठसका लागतो तो पान्हा जोरात फुटतो म्हणून. पाठीला दोन उशा लावून मागे रेल आणि तिला पोटावर पालथी घेऊन पाज, म्हणजे दूध वर चढतं आणि धार आपोआप मंदावते. तरीही गुदमरली तर पहिली धार पंच्यात जाऊ दे, मग लाव.

आता ते घड्याळ. दूध सुरुवातीला पातळ, गोडसर असतं आणि बाजू रिकामी होत जाते तसं स्निग्ध होत जातं. जिला भरपूर दूध आहे तिने दहा मिनिटांत बाजू बदलली की बाळाला दोन्हीकडचं पातळच जास्त मिळतं. त्यातली साखर भराभर खाली उतरते, पूर्ण पचत नाही, आंबते. म्हणून वारा, म्हणून ती हिरवट फेसाळ शी. एक बाजू तिला तिच्या मनाने संपवू दे. स्वतःहून सोडली, हात सैल पडले, की ढेकर काढ आणि मग दुसरी दाखव. नको असेल तर राहू दे, पुढच्या वेळी तिथून सुरू कर. चार-पाच दिवसांत शीचा रंग पिवळ्याकडे वळला तर ओळख की जमलं. नाही जमलं तर स्तनपान सल्लागाराकडे जा. पुण्यात आता मोठ्या रुग्णालयांतून त्या असतात, आणि समोर बसून पाजताना बघितल्यावर त्यांना जे दिसतं ते मला पत्रातून दिसणार नाही.

एवढं करूनही ती संध्याकाळी रडेल, हे आधीच सांगून ठेवते. 1954 साली मॉरिस वेसेल नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी अशा रडण्याला तीनचं माप लावलं: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त. तुझी मुलगी त्यात बसते. हे रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. म्हणजे तू अगदी घाटमाथ्यावर उभी आहेस. शिवाय रडतानाही बाळ हवा गिळतं. वाऱ्यामुळे रडणं आणि रडण्यामुळे वारा, असं ते चक्र.

माझ्या थोरल्याच्या वेळी आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो. सातच्या ठोक्याला हा सुरू व्हायचा. सासरे त्याला डाव्या हातावर पालथं घ्यायचे, डोकं कोपराच्या खळग्यात, पोट मनगटाच्या वर, हात-पाय दोन्हीकडून लोंबणारे, आणि गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. मध्येच एक लांबलचक आवाज यायचा. सासरे गंभीरपणे म्हणायचे, "निकाल लागला." ही पकड तुझ्या नवऱ्याला शिकव. थेंबांपेक्षा उपयोगी पडेल. गॅलरी नसेल तर बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन लावून दाराबाहेर उभं राहा, ती एकसुरी घरघर बऱ्याच बाळांना भावते. रडायला लागायच्या आधी, साडेसहाच्या सुमारास, उताणी ठेवून सायकल चालवल्यासारखे पाय हलव, दोन्ही गुडघे पोटाशी दाबून सोड. कोमट तेलाच्या हाताने पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गोल फिरव, पण पाजल्या पाजल्या नको. न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई पोट रगडत असतील तर त्यांना स्पष्ट नको म्हणून सांग. आणि झोपवायचं मात्र नेहमी उताणंच, पालथं फक्त जागेपणी, कुणी समोर असताना.

गुटीबद्दल लिहिताना माझा हात अडखळतो. तुळशीबागेतून आणलेली सहाण माझ्याकडे अजून आहे आणि मी माझ्या दोन्ही मुलांना मुरडशेंग, वेखंड, जायफळ उगाळून मधात चाटवलंय. आज चाटवणार नाही. वर्षाच्या आत मध नकोच, त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. सहाणेवर किती वेढे उगाळले त्याला मोजमाप नाही, आणि ती किती स्वच्छ हे देव जाणे. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने नुसतं आईचं दूध म्हणते, पाण्याचा घोटही नाही. ग्राइप वॉटर त्यातच आलं (पूर्वी त्यात अल्कोहोल असायचं, मग बाळं शांत का व्हायची ते कळतं). बेंबीभोवती हिंगाचा लेप लावून आजीचं समाधान होत असेल तर बाहेरून लावू दे, कातडी लाल झाली तर पुसून टाक. धुरी मात्र नको, धूर छातीत जातो. नवऱ्याने आणलेल्या बाटलीवर सायमेथिकोन लिहिलं असेल तर त्याने फारसं बिघडत नाही आणि चाचण्यांत फारसा गुणही दिसलेला नाही. डायसायक्लोमीन लिहिलं असेल तर बाटली आजच फेकून दे. सहा महिन्यांखालच्या बाळांचा त्याने श्वास अडू शकतो.

रडणं एखाद्या दिवशी नेहमीसारखं वाटलं नाही, तर सगळे कपडे काढून बघ. हातापायांची बोटं एकेक उलगड. बाळंतिणीचे केस गळतात आणि एखादा केस अंगठ्याला करकचून गुंडाळला जातो, बाळ ओरडत राहतं आणि सगळे म्हणतात गॅस. जांघेत फुगवटा आहे का तेही बघ. 100.4 फॅरनहाइट किंवा वर ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, कडक फुगलेलं पोट, फुगलेली टाळू, दूध तोंडात न घेणं, दिवसभरात सहापेक्षा कमी ओले लंगोट, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता रिक्षा करायची.

सासूबाईंशी भांडू नकोस. "आई, डॉक्टरांनी मला सगळं खायला सांगितलंय," एवढंच म्हण. डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारशील तेव्हा ते तेच सांगणार आहेत. आणि सात वाजता मुलगी त्यांच्याच खांद्यावर दे. तीन आठवडे त्या तुझ्या ताटाकडे बघतायत, कारण हातात करण्यासारखं दुसरं काही नाही.

कधी अगदीच सहन होईना झालं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेव, दार लोटून घे आणि दहा मिनिटं बाहेर बस. तेवढ्याने तिला काही होत नाही. तिला गदगदा हलवायचं मात्र कधीच नाही, कुणीच नाही. नळ सोडून रडणं एखाद्या रात्रीपुरतं असेल तर ठीक. दोन आठवडे रोज होत असेल, ती झोपल्यावरही तुला झोप लागत नसेल, नको ते विचार येत असतील, तर नवऱ्याला सांग, तुझ्या डॉक्टरांना सांग, नाहीतर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. फुकट आहे, मराठीत बोलतात.

पावडरचा डबा दुकानातच राहू दे. दहा आठवड्यांच्या लशीला वजन किती भरलं ते कळव, आणि पहिल्या दिवशी आमटीबरोबर कोबीची भाजी केलीस का तेही.

तुझी,
मावशी