डीआरएल असलेल्या गाडीला बाहेरचा हेडलाइट बसवण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०१७ ची सेडान, मधलं मॉडेल. हेडलाइटमध्ये एच४ हॅलोजन बल्ब आणि त्याच्या खालच्या कडेने कंपनीचीच डीआरएलची, म्हणजे दिवसा आपोआप जळणाऱ्या दिव्याची, एलईडी पट्टी. महिन्यातून दोन-तीनदा रात्री वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाता, पावसात आणि धुक्यात उजेड पुरत नाही. बाजारात याच गाडीच्या मापाचा प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारा हेडलाइट) आणि नवी डीआरएल असलेला पूर्ण सेट मिळतोय. दुकानदार सांगतो की कपलरला (वायरींच्या प्लगला) कपलर लावायचा, वायर कापायची नाही. डीआरएल पूर्वीसारखी चालेल का, एवढंच तुम्हाला हवंय.

सेट खाचेत बसेल. डीआरएल पूर्वीसारखी चालेल याची खात्री मात्र तो सेट बघून देता येत नाही, ती तुमच्या गाडीच्या वायरवरचं व्होल्टेज मोजूनच देता येते. म्हणून पैसे भरण्याआधी एक सकाळ मल्टिमीटर घेऊन बोनेटखाली घालवा.

डीआरएल आणि हेडलाइट ही कामंच वेगळी आहेत. हेडलाइट आपल्याला रस्ता दिसावा म्हणून, डीआरएल दिवसा समोरच्याला आपली गाडी दिसावी म्हणून. स्वीडनने १९७७ मध्येच दिवसा दिवे सक्तीचे केले, कॅनडाने डिसेंबर १९८९ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना, आणि युरोपात फेब्रुवारी २०११ पासून नव्या कार मॉडेलना डीआरएल लागू झाली. आपल्याकडे कारला अशी सक्ती नाही. दुचाकींना एप्रिल २०१७ पासून इंजिनासोबत हेडलाइट आपोआप लागण्याचा नियम आला, तो याच विचारातून. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत डीआरएलची तीव्रता ४०० ते १२०० कँडेला ठरवलेली आहे. पार्किंगच्या दिव्याला किमान ४ कँडेला पुरतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण रात्री डिपर (हेडलाइटचा जवळचा, खाली पडणारा झोत) लावला की डीआरएल बंद तरी व्हायला हवी, नाहीतर मंद होऊन पार्किंगसारखी तरी जळायला हवी. कंपनीच्या वायरिंगमध्ये हे काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक) करतं. बाहेरच्या सेटमध्ये ते कोण करणार, हा खरा प्रश्न आहे.

आता मोजणी. हेडलाइटच्या मागचा मोठा कपलर काढा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळं टोक बॉडीच्या अर्थला लावा आणि एकेक पिन तपासा. जुन्या पद्धतीचा फिलॅमेंटवाला टेस्ट लॅम्प इथे वापरू नका. तो बराच करंट ओढतो आणि मॉड्यूलचं आउटपुट त्यासाठी बनवलेलं नसतं. चावी बंद, चावी ऑन, इंजिन चालू, पार्किंग लावून, डिपर लावून, अप्पर (लांबचा झोत) लावून, हँडब्रेक वर आणि खाली, त्या बाजूचा इंडिकेटर चालू असताना, अशा सगळ्या अवस्थांत कोणत्या पिनवर किती व्होल्ट येतात ते कागदावर लिहा. काही गाड्यांत हँडब्रेक ओढलेला असला की डीआरएल विझते, काहींत इंडिकेटर चालू असताना त्या बाजूची डीआरएल मंद होते. हे बिघाड नाहीत, असं ठरवूनच केलेलं असतं. कपलर काढल्यामुळे मॉड्यूलला दिवा गेला असं वाटून ते सप्लाय तोडू शकतं, म्हणून शक्य असेल तर कपलर जोडलेलाच ठेवून मागून बारीक पिनने मोजा.

डीआरएलच्या पिनवर दिवसा १३-१४ व्होल्ट आणि डिपर लावल्यावर शून्य आलं, तर काम सोपं आहे. नव्या सेटची डीआरएल त्याच वायरवर चालेल. डिपर लावल्यावर शून्याऐवजी तीन-चार किंवा सहा-सात असा अर्धवट आकडा दिसला, तर व्होल्टेज खरोखर उतरलेलं असेलच असं नाही. बहुतेक वेळा मॉड्यूल तोच सप्लाय सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत असतं आणि मीटर त्याची सरासरी दाखवतो. मोबाईलचा कॅमेरा दिव्यासमोर धरलात तर पट्टी थरथरताना दिसेल. कंपनीची एलईडी अशा तुटक सप्लायवर छान मंद जळते. बाहेरच्या स्वस्त सेटचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) त्यावर लुकलुकतो, नाहीतर मंद व्हायचं नाकारून पूर्ण तेजाने जळतो. अशा वायरवरून रिले (थोड्या करंटने मोठा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) चालवायचा प्रयत्न तर करूच नका. रिले कटकट वाजत राहतो आणि त्याचे पॉइंट जळतात.

तिसरा प्रकार तुमच्या गाडीत नाही, पण परदेशात राहणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत वेगळी डीआरएल नसते, हेडलाइटचाच बल्ब दिवसा कमी व्होल्टेजवर जळतो. माझ्या भाच्याने टोरोंटोजवळ अशाच एका जुन्या गाडीत एचआयडी (फिलॅमेंटऐवजी वायूत ठिणगी पेटवून जळणाऱ्या दिव्याचं) किट घातलं. हॅलोजनची फिलॅमेंट कमी व्होल्टेजवर नुसती पिवळट होते. एचआयडीच्या बॅलास्टला, म्हणजे तो दिवा पेटवणाऱ्या डब्बीला, मात्र सुरू व्हायला पूर्ण व्होल्टेज लागतं. ते मिळेना, म्हणून तो रोज दिवसभर पेटायचा प्रयत्न करत राहिला आणि दोन आठवड्यांत एका बाजूचा बॅलास्ट गेला.

आता दुकानात काय होतं ते सांगतो, कारण माझं नुकसान तिथेच झालं. पूर्ण सेटमध्ये बहुधा मूळ कपलरशिवाय दोन-तीन वायरी मोकळ्या लोंबत असतात, त्या डीआरएलच्या. घाईत असलेला माणूस त्या पार्किंगच्या वायरला जोडून देतो. मग डीआरएल दिवसा बंद आणि रात्री डिपरसोबत पूर्ण तेजाने चालू, म्हणजे नेमकं उलटं. दुसरा मार्ग म्हणजे डब्बीसारखं छोटं कंट्रोलर मॉड्यूल थेट बॅटरीला लावणं. ते बॅटरीचं व्होल्टेज बघून इंजिन चालू आहे की नाही ते ओळखतं. माझ्या पहिल्या सेटला तसंच लावून दिलं होतं. दिवे वेळेवर लागायचे, विझायचे, मी खूष होतो. मग दहा दिवस गाडी घरी उभी राहिली आणि परत आलो तर स्टार्टर हलेना. मीटर लावला तेव्हा कळलं की विझलेल्या अवस्थेतही ती डब्बी १०० मिलीअँपिअर ओढत होती. दहा दिवसांचे २४ अँपिअर-अवर झाले, आणि माझी बॅटरी होती ३५ ची. म्हणून डीआरएलचा सप्लाय नेहमी चावी ऑन केल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून घ्या, स्वतःचा छोटा फ्यूज घालून, आणि डिपर लागला की तो तुटेल असा रिले मध्ये ठेवा. पाच पिनांचा रिले घेतलात तर ३० वर चावीचा सप्लाय, ८७ए वर डीआरएल, ८५ अर्थला आणि ८६ ला पार्किंगची वायर. रात्री पार्किंग किंवा डिपर लावला की डीआरएल आपोआप विझेल. पार्किंगची वायरही तुटक सप्लायची नाही ना, ते आधी तपासा.

वायर सोलून पिळून वर टेप गुंडाळणं कोकणात एक पावसाळाही टिकत नाही. तांब्यावर हिरवी बुरशी चढते आणि मग एक बाजू कधी लागते, कधी नाही. त्याच मापाचा कपलर आणून मधला जोड तयार करून घ्या, क्रिंप करा (पकडीने दाबून बसवा), वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. गाडीची मूळ वायर कापू देऊ नका. उद्या जुने दिवे परत लावायचे झाले तर दहा मिनिटांत लागले पाहिजेत. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

धावत्या पट्टीचे (एकामागून एक दिवे लागत जाणारे) इंडिकेटर त्या सेटमध्ये असतील तर आणखी एक भानगड. मूळ इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा. एलईडी त्यापेक्षा खूपच कमी करंट घेते, म्हणून गाडीला बल्ब गेल्यासारखं वाटतं आणि इंडिकेटर भरभर टिकटिकतो. त्यावर ६ ओहमचा रेझिस्टर जोडतात. तो जळत असताना २४ वॅट उष्णता काढतो, तेव्हा तो पत्र्यावरच बसवा. प्लास्टिकच्या बंपरला चिकटवलेला रेझिस्टर मी वितळलेल्या खड्ड्यात बसलेला पाहिला आहे.

आता उजेडाबद्दल, कारण तुमची मूळ गरज ती आहे. सेट चालू करून भिंतीवर पाहिल्याशिवाय घेऊ नका. डिपरच्या उजेडाला वर एक सरळ, स्पष्ट रेघ हवी, तिला आपण कट-ऑफ म्हणतो. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, म्हणून ती रेघ डाव्या बाजूला वर चढायला हवी, म्हणजे डावी कड आणि पाट्या दिसतात आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. बाहेरून येणारे बरेच सेट उजवीकडून वाहन चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेले असतात, त्यांची रेघ उजवीकडे चढते. काचेवर वर्तुळातली इंग्रजी ई ही (संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीप्रमाणे मान्यतेची) खूण असेल तर त्याच्या जवळ बाण शोधा. गाडीसमोर उभं राहून दिव्याकडे तोंड केलं असता बाण तुमच्या उजव्या हाताला जात असेल तर तो दिवा आपल्या बाजूच्या वाहतुकीसाठी आहे. दोन्हीकडे टोक असलेला बाणही चालतो. ई आहे पण बाणच नाही, असा सेट परत करा.

हे मी इतक्या कळकळीने का सांगतोय, तर माझा तो पहिला सेट असाच होता आणि मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मला स्वतःला रस्ता झकास दिसायचा. एका रात्री आंबा घाटात माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून समोरून आला. मला ओळखून थांबला आणि म्हणाला, दादा, वळणावर मला रस्त्याची कडच दिसली नाही, नुसता पांढरा पडदा होता. त्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला दरी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो सेट काढला.

त्याच कारणासाठी एच४ च्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालण्याचा सल्ला मी देत नाही. हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या फिलॅमेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते, ती खालचा उजेड अडवते आणि त्यातूनच कट-ऑफ बनतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक त्या बारीक फिलॅमेंटच्या जागेनुसार काढलेला असतो. एलईडीची चिप जागेने आणि आकाराने थोडी जरी वेगळी पडली, तरी उजेड वर उधळतो. पुढ्यात पांढरं शुभ्र दिसतं, लांबचं मात्र दिसत नाही, आणि धुक्यात तोच उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला: उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०६ व्या नियमाप्रमाणे दिव्यापासून ८ मीटरवर, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला तो दिवा दिपवता कामा नये. म्हणून माझी पहिली पसंती तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने दिलेल्या प्रोजेक्टर हेडलाइटला. महाग पडेल, पण कट-ऑफ आपल्या रस्त्याचा असेल. तिथेही पिनांची जुळणी मीटरनेच तपासा. विमा कंपनीला लेखी विचारून ठेवा.

आणि त्याहीआधी एक स्वस्त काम करून बघा. इंजिन चालू, डिपर लावलेला, अशा वेळी बॅटरीवर आणि बल्बच्या मागच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर १२.४ असेल, तर उजेड वायरिंगमध्येच हरवतोय. हॅलोजनचं गणित असं आहे की व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड सुमारे ३० टक्के पडतो. दोन रिले, बॅटरीजवळ फ्यूज, जाड वायर आणि सिरॅमिक होल्डर असलेलं हार्नेस (तयार वायरींचा जुडगा) लावलं की हा फरक भरून निघतो. मात्र काही गाड्यांचं मॉड्यूल डिपरचा सप्लायही तुटक देतं, तसं असेल तर साधं हार्नेस चालणार नाही. बल्ब ६०/५५ वॅटचाच ठेवा. १००/९० चे बल्ब होल्डर आणि रिफ्लेक्टर दोन्ही भाजून काढतात. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या.

मग फोकस. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसलेला, डॅशबोर्डवरची दिव्यांची चकती शून्यावर. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खूण करा, आणि कट-ऑफची आडवी रेघ त्याच्या १० सेंटिमीटर खाली आणा. माझ्याकडे उजेड पुरत नाही म्हणून आलेल्या अनेक गाड्यांत दिवा नुसता पाच-दहा मीटरवर रस्त्यात खुपसलेला निघाला.

सेटच घ्यायचा ठरला तर पावसाचीही परीक्षा घ्या: बसवण्याआधी दिवा तासभर उन्हात तापवा आणि मग वरून नळीने पाणी सोडा. आत वाफ धरली आणि दिवसभरात गेली नाही तर सीलिंग कच्चं आहे.

तुमच्या मोजणीचा कागद तयार झाला की पिनांचा क्रम, वायरींचे रंग आणि प्रत्येक अवस्थेतला आकडा इथे लिहा, सोबत सेटच्या मागच्या वायरींचा आणि काचेवरच्या खुणांचा फोटो टाका. कोणती वायर कुठे जाईल ते मी पिनवार सांगतो. तोवर दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.