कधी जुनं पान, कधी नवं

प्रश्न : पीएचपी स्क्रिप्ट बदलून सर्व्हरवर चढवली. रिफ्रेश केलं की कधी नवा मजकूर दिसतो, कधी जुना. ब्राउझरची कॅश पुसूनही तेच. असं का?

उत्तर : आलटून-पालटून दिसतंय, म्हणजे बहुधा लोड बॅलन्सरमागे (येणाऱ्या विनंत्या वाटून देणारी यंत्रणा) दोन सर्व्हर आहेत. पानाच्या तळाशी गेटहोस्टनेम (gethostname) फंक्शनचं उत्तर, म्हणजे सर्व्हरचं नाव, छापा आणि दहा वेळा रिफ्रेश करा. जुना मजकूर ठरावीक नावासोबतच येत असेल, तर चोर सापडला. त्या सर्व्हरवर फाइल पोचली आहे का बघा. पोचली असेल, तर ऑपकॅश, म्हणजे पीएचपीनं तयार करून ठेवलेल्या स्क्रिप्टची कॅश, तपासा. तिची 'व्हॅलिडेट टाइमस्टॅम्प्स' (opcache.validate_timestamps) ही सेटिंग शून्य असेल, तर फाइल बदललेली पीएचपीला कळतच नाही. मग एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड करा. कमांड लाइनवरून ऑपकॅश रीसेट करण्यात मात्र वेळ घालवू नका, कमांड लाइनची कॅश वेगळी असते.