कुंडीतले गोटे आणि आपला पाणी घालायचा हात

या वेळी निम्मीअधिक पत्रं लिथॉप्सवरच आलीत. म्हणजे ते दगडासारखं दिसणारं बुटकं सक्युलंट (पानांत पाणी साठवणारं झाड), नर्सरीवाले ज्याला लिव्हिंग स्टोन म्हणून विकतात. म्हटलं, चला, हा अंक त्यालाच देऊन टाकू.

प्रश्न : ताई, डिसेंबरमध्ये तीन लिथॉप्स आणले. जानेवारीत मधली फट उघडली आणि आतून नवीन पानं डोकावली, मी जाम खुश. पण बाहेरची जुनी पानं सुरकुतायला लागली म्हणून घाबरून दर चार दिवसांनी पाणी घातलं. आता एकात एक अशा दोन जोड्या झाल्यात आणि झाड वेडंवाकडं दिसतंय. काय चुकलं? (एक वाचक, ठाणे)

पाणी चुकलं, दुसरं काय. अहो ती जुनी पानं सुरकुतायलाच हवी होती! या झाडाला मुळात दोनच पानं असतात, खाली चिकटलेली, मधे फट. वर्षातून एकदा आतल्या आत नवी जोडी तयार होते आणि ती आपलं पाणी कुंडीतनं नाही तर जुन्या पानांतनं ओढते, म्हणजे आईबापांची साठवलेली पुंजी लेकरं खातात आणि शेवटी जुन्या पानांचा कागदासारखा पापुद्रा उरतो. आपल्याकडे हे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी-मार्च चालतं, आणि तेवढे दिवस पाणी शून्य, अगदी शून्य, चमचाभर पण नाही. तुम्ही पाणी दिलंत तेव्हा जुनी पानं परत टम्म फुगली, ती वाळायचं नाव घेईनात आणि नवी आत अडकली. आता जुनी जोडी हाताने सोलून काढू नका, मोह होतो मला माहितीये, पण नवीन पानं फाटतात. पाणी बंद करा आणि वाट बघा. दोन-तीन महिने लागले तरी लागू देत.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री. वाळवंटातलं झाड आहे म्हणून गच्चीवर कडक उन्हात ठेवलं तर पांढरे डाग पडले. (एक वाचक, नागपूर)

भाजलं ते. वाळवंटात हे झाड मातीत रुतलेलं असतं, फक्त माथा वर. त्या माथ्यावर अर्धपारदर्शक खिडकी असते, तिच्यातून उजेड आत शिरून जमिनीखालच्या हिरव्या भागापर्यंत पोचतो. कुंडीतलं रोप मात्र चहूबाजूंनी तापतं, त्यात काळी प्लास्टिकची कुंडी आणि खाली तापलेला स्लॅब. सकाळचं चार-पाच तास ऊन द्या, अकरानंतर शेडनेटखाली. पडलेले डाग आता जाणार नाहीत, पुढच्या पानबदलीत झाड कोरं होईल. कडक उन्हाळ्यात ते झोपेत असतं, फारच चिमलं तर संध्याकाळी घोटभर पाणी, बास.

प्रश्न : पावसाळ्यात आठ दिवसांत झाड मऊ होऊन बसलं, हात लावला तर पाणीच निघालं. बुरशीनाशक कुठलं मारू? (एक वाचक, रत्नागिरी)

कुठलंच नको, ते गेलं. वाईट वाटतं सांगायला पण खोटी आशा कशाला दाखवू. माझी पहिली चार पण अशीच गेली, तीही पुण्यात, तुमच्या कोकणाइतका पाऊस नसताना. नर्सरीतनं आणलेल्या कोकोपीटमध्येच, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या नारळाच्या काथ्याच्या भुशातच, मी ती ठेवली होती आणि वर पागोळ्यांचं पाणी पडत होतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मीच मारलं. आता मी तीन भाग खनिज आणि एक भाग चाळलेली माती घेते. खनिज म्हणजे प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) मिळाला तर उत्तम, नाहीतर विटेचा चुरा आणि जाड वाळू, पण आधी धुऊन त्यातली भुकटी काढा नाहीतर तीच सिमेंटसारखी बसते. समुद्राची वाळू नको, खारट असते. कुंडी चार इंच तरी खोल हवी कारण मधलं मूळ सरळ खाली जातं, त्या उथळ बशीसारख्या कुंड्या दिसतात छान पण कामाच्या नाहीत. जूनपासून कुंडी छपराखाली, जिथे वारा खेळतो तिथे, आणि पाणी जवळपास नाहीच. खरं पाणी प्यायचे दिवस म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा कडेला सुरकुत्या दिसल्या की भरपूर भिजवा आणि पूर्ण सुकेपर्यंत हात लावू नका.

प्रश्न : ऑनलाइन निळ्या-जांभळ्या लिथॉप्सच्या बिया मागवल्या, शंभर बिया. उगवलं ते गवत! खरंच निळं असतं का? (एक वाचक, नाशिक)

नाही हो. राखाडी, तपकिरी, विटकरी, हिरवट, काही गुलाबी-जांभळट झाकेचे असतात पण ते फोटोतलं मोरपंखी निळं म्हणजे कॉम्प्युटरवरची रंगपंचमी. शिवाय खरी बी धुळीइतकी बारीक असते, दाण्यासारखी दिसली की समजा फसलो. घरचं बी हवं असेल तर दोन वेगळी रोपं एकाच वेळी फुलायला हवीत, स्वतःच्याच परागावर सहसा बी धरत नाही. फूल पिवळं नाहीतर पांढरं, दुपारी उघडतं, संध्याकाळी मिटतं, त्यामुळे ऑफिसला जाणाऱ्यांना रविवारीच दर्शन. मऊ ब्रशने पराग इकडचा तिकडे करा. वाळलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब टाकून बघा, काही मिनिटांत झाकणं उघडतात आणि सुकलं की परत मिटतात, मी हे पोरांना दाखवायला म्हणून चार वेळा केलं आणि अर्धं बी वाया घालवलं. बियांपासून फुलापर्यंत तीन वर्षं तरी धरा.

प्रश्न : मी आठवीत आहे. हे झाड मूळचं कुठलं आणि दगडासारखं का दिसतं? (सोलापूर)

शाब्बास, हा खरा प्रश्न. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातलं. १८११ साली विल्यम बर्चेल नावाचा माणूस तिकडे प्रिस्का भागात हिंडत होता, त्याने गंमतशीर आकाराचा खडा म्हणून उचलला तर ते झाड निघालं. लिथॉप्स हे नाव बऱ्याच नंतर, १९२२ मध्ये एन. ई. ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं, ग्रीकमध्ये लिथॉस म्हणजे दगड. पाण्याने भरलेलं पान कोरड्या माळावर कुणालाही खावंसं वाटणारच ना, म्हणून लपणं. गंमत म्हणजे ज्या भागातले खडे ज्या रंगाचे, तिथली झाडंही बरीचशी त्याच रंगाची. तुझ्या कुंडीत वरून तसलेच खडे पसर आणि घरच्यांना झाड शोधायला सांग. फक्त आजीला आधी सांगून ठेव, नाहीतर ती तुळशीबरोबर यालाही रोज तांब्याभर पाणी घालेल.